शब्दचर्चा: जनरस वर्क कल्चरला मराठीत काय म्हणायचं?

टाचणी:
नवीन मॅनेजर होणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. विषय साधारण असा, की ऑफिसातलं वातावरण असं ठेवा की लोक एकमेकांना वेळ, माहिती, श्रेय द्यायला मागेपुढे बघणार नाहीत, आणि त्यातून काम करणाऱ्यालाही बरं वाटेल, तो टिकेल. वर्कप्लेस कल्चरला कार्यसंस्कृती हे ठरलेलंच आहे (मला तो परिपत्रकातला शब्द वाटतो, पण असो). अडलंय ते जनरस आणि फुलफिल्ड ह्या दोन शब्दांपाशी. 'उदार कार्यसंस्कृती' लिहून बघितलं तर देणगीदारांच्या यादीसारखं वाटायला लागलं. आणि फुलफिल्डला समाधानी म्हणू का तृप्त का कृतार्थ? नुसता शब्द नको, का चालेल तेही लिहा प्लीज.

अर्धविराम:
उदारला एवढं नाक का मुरडताय? संस्कृतात उदार म्हणजे आधी उंच, थोर, मग सढळ. 'उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्' ह्यात पैसे वाटण्याचा संबंधच नाही, हा आपला तो परका असा हिशोब न करणारा माणूस तो उदार. तुमच्या पुस्तिकेला हेच तर हवंय. गंमत म्हणजे जनरसचंही तसंच आहे, लॅटिनमध्ये तो उच्च कुळातला माणूस, आणि मग अशा माणसाला शोभेल असं वागणं, असा अर्थ सरकत सरकत आला.

खर्डेघाशी:
अर्धविराम, तुम्हीच सांगितलंत की दोन्ही शब्द उंचावर बसलेले आहेत, अडचण तीच तर आहे ना. उदार म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली, आणि मराठी माणसाला हे पक्कं ठाऊक आहे म्हणून तर 'उदार झाला राजा आणि हाती दिला भोपळा' अशी म्हण आहे. घेणाऱ्याच्या बाजूचा शब्द काय आहे आपल्याकडे? मिंधा. एखाद्या बॉसने रजा दिली आणि पुढे सहा महिने 'मी तेव्हा तुला सोडलं होतं ना' असं ऐकवलं तर माणूस मिंधा होतो, फुलफिल्ड वगैरे होत नाही.

रजेवरून आठवलं, हा शब्द अरबीतून आलाय, मूळ अर्थ मर्जी, संमती. राजी होणे मधला राजी त्याच घरातला. म्हणजे रजा ही मुळातच समोरच्याच्या मर्जीची गोष्ट, मागायची, मग मंजूर होणार. सुट्टीत सुटणं आहे, तिथे कोणाची मर्जी नाही.

चिवट:
दिलदार?

अर्धविराम:
दिलदार पार्टीच्या दिवशी चांगला वाटतो. फारसीत तर दिलदार म्हणजे दिल घेऊन बसलेला प्रियकर नाहीतर प्रेयसी, मराठीत येऊन तो मोठ्या मनाचा झाला. पण दिलदार हा एका माणसाचा स्वभाव आहे, बॉस बदलला की दिलदारी गेली. टाचणींना कल्चर हवंय, म्हणजे माणूस गेला तरी मागे राहील असं काहीतरी.

दुपारचीशिफ्ट:
मग दानत घ्या. 'द्यायची दानत लागते' असं आपण म्हणतोच की, दान देण्याची वृत्ती ती दानत.

खर्डेघाशी:
दानतचा दानाशी संबंध नाही हो, दिसायला तसं दिसतं फक्त. तो अरबी दियानत, म्हणजे सचोटी, नेकी. मराठीत येऊन त्याचा अर्थ नियत, मनाची ठेवण असा झाला, आणि दान हा शब्द शेजारीच असल्यामुळे देण्याघेण्याकडे जास्त झुकला असावा. पण मला आवडला तुमचा शब्द, कारण दानत खिशावर अवलंबून नसते. ज्याच्याकडे बजेट नाही असा टीम लीडही दानत दाखवू शकतो आणि ज्याच्या सहीने लाखो सुटतात तो एका ओळीचं श्रेय द्यायला कद्रूपणा करतो.

आणखी एक प्रकार ह्याच खात्यात बसतो, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे. क्लायंटने विचारलं की बिनधास्त 'हो, सोमवारपर्यंत देऊ', आणि शनिवार रविवार कोणाचा जाणार तर टीमचा. क्लायंटच्या नजरेत हे साहेब प्रचंड जनरस. पुस्तिकेत ह्यावर एक पान नक्की घाला, दुसऱ्याच्या वेळेवर केलेलं औदार्य हे औदार्य नाही.

चिवट:
तुळशीपत्रवाल्या साहेबांकडे मी काम केलंय 😅 निरोपाच्या भाषणात त्यांना दिलदारच म्हणाले होते सगळे.

जुनीवही:
इतिहासातलं एक देते, कारण उदार आणि त्याच्या शेपटीला बांधलेली अट हे दोन्ही त्यात एकत्र दिसतं. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या रोजाच्या दुपटीहून जास्त, आणि कामाचे तास नऊवरून आठ. जगभर वाहवा झाली. कारण काय होतं तर माणसं टिकत नव्हती, असेंब्ली लाइनच्या कामाला लोक इतके कंटाळायचे की १९१३ मध्ये साधारण १४,००० जागा भरलेल्या ठेवायला पन्नास हजारांवर माणसं नेमावी लागली. पण त्या पाच डॉलरमधला मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता आणि तो मिळायला कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, बचत करतो का हे बघायला कंपनीची माणसं घरी यायची, त्याला सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट असं भारदस्त नाव होतं. आता ह्याला उदार म्हणा, मी नाही म्हणणार नाही, पैसे खरे होते आणि लोक टिकलेही. पण दिलं आणि वर घरात डोकावलं ह्याला मराठीत उपकार करणे म्हणतात आणि तो शब्द आपण कधी कौतुकाने वापरत नाही.

अर्धविराम:
भारी उदाहरण. मग उलट्या बाजूचं मी देतो. जॉर्ज अकरलॉफ म्हणून अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९८२ मध्ये नोकरीच्या कराराला अर्धवट भेटवस्तूंची देवघेव म्हटलं. त्यांनी घेतलेलं उदाहरण त्याआधीचं, जॉर्ज होमन्स ह्या समाजशास्त्रज्ञाने बघितलेलं: एका कंपनीत ग्राहकांनी भरलेल्या पैशांच्या नोंदी कार्डांवरून करणाऱ्या तरुण मुलींचा एक गट होता. तासाला ३०० नोंदी एवढीच अपेक्षा, मुली सरासरी ३५३ करायच्या. जास्त केल्याचे जास्त पैसे नाहीत, पगार सगळ्यांना सारखा. अकरलॉफचं म्हणणं असं की मुली नियमापेक्षा जास्तीचं देतायत आणि कंपनीही हळू काम करणारीवर नियमाचा बडगा उगारत नाहीये, दोन्हीकडून थोडं सैल सोडलेलं आहे. इथे उपकार कोणी कोणावर केला सांगा बरं? मला म्हणून सढळ हा शब्द सुचतो. सढळ हाताने वाढतो तेव्हा समोरचा मिंधा होत नाही, आणि सढळ दोन्ही बाजूंनी होता येतं. माझा उदार मागे घेतो.

दुपारचीशिफ्ट:
सढळला माझी हरकत नाही पण एक धोका सांगते. आमच्यासारख्या लोकांना ही पुस्तिका वाचायला दिली की दुसऱ्या दिवसापासून 'तू सढळ आहेस ना, हे पण बघ जरा' सुरू होणार. प्रत्येक ऑफिसात एक माणूस असतो ज्याच्याकडे सगळे अडलेलं घेऊन जातात आणि त्याचं स्वतःचं काम रात्री होतं. अॅडम ग्रांट ह्या मानसशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये हेच मांडलंय की देणारी माणसं कामगिरीच्या तळाशीही सापडतात आणि अगदी वरही. तळाशी जाणारे कोण तर ज्यांना नाही म्हणता येत नाही ते.

खर्डेघाशी:
त्याला मराठीत आयता शब्द आहे, भिडस्त. आणि म्हणही आहे, भीड भिकेची बहीण. टाचणी, तुम्ही सढळ वापरणार असाल तर त्याच परिच्छेदात सढळ आणि भिडस्त ह्यातला फरक लिहाच. सढळ माणूस आपल्याकडे किती आहे ते बघून देतो आणि नसेल तर नाही म्हणतो, भिडस्ताला समोरच्याचं तोंड वाईट होईल ह्याची भीती असते म्हणून तो देतो, आणि मग मनात खातं उघडून ठेवतो. बाहेरून दोघं अगदी सारखे दिसतात, म्हणूनच मॅनेजरने विचारायला पाहिजे की हे तुझ्या वेळात बसतंय का, आणि 'नाही' आलं तर त्याची नोंद अप्रेझलच्या वेळी काढायची नाही.

चिवट:
हे शेवटचं छापून भिंतीवर लावा.

टाचणी:
वा, सढळ पक्का होतोय. आता फुलफिल्ड?

दुपारचीशिफ्ट:
समाधानी नको. समाधानी कर्मचारी म्हणजे ज्याने पगारवाढ मागितली नाही तो 😛 'आहे त्यात समाधान मानावं' ह्या वाक्याने त्या शब्दाचं वाटोळं केलंय.

अर्धविराम:
शिवाय फ्रेडरिक हर्झबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये साधारण दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून म्हटलं होतं की असमाधान जाणं म्हणजे समाधान येणं नाही. पगार, नियम, साहेबाचं वागणं हे बिघडलं की माणूस वैतागतो, पण हे सगळं नीट केलं की फक्त वैताग थांबतो. काम आवडणं, जमणं, कोणी दखल घेणं, जबाबदारी मिळणं ही वेगळीच यादी. तेव्हा ते दुसरं जे आहे त्याला समाधान म्हटलं तर दोन्ही एकात मिसळतं. तृप्त जेवणानंतर, कृतार्थ रिटायरमेंटच्या भाषणात. मला सार्थक बरा वाटतो, कामाचं सार्थक झालं.

जुनीवही:
सार्थक चांगला आहे पण तो काम संपल्यावर येतो. चालू मंगळवारी दुपारी माणसाला काय वाटतं त्याला शब्द पाहिजे ना? मी म्हणेन तिथे एक शब्द शोधूच नका. आपल्याकडे 'कामाची पावती मिळाली' असं म्हणतात. पावणे म्हणजे मिळणे, पोचणे, त्यावरून पावती. तुमचं काम आमच्यापर्यंत पोचलं एवढंच ती सांगते. बक्षीस देणाऱ्याच्या खुशीवर असतं, पावती हा मात्र हक्क आहे, न देणारा चुकतो. आणि शाबास सुद्धा बघा, फारसी शाद बाश, आनंदी राहा, म्हणजे पाठ थोपटणाराही आनंदी राहा असंच म्हणत होता मुळात, आपण त्याला मोठ्यांनी लहानांना द्यायची गोष्ट करून टाकलं.

माझ्या आधीच्या ऑफिसातला एक प्रसंग सांगते. मोठ्या लोकांपुढे प्रेझेंटेशन होतं, आमच्या मॅनेजरने आकड्यांची स्लाइड आली तशी रिमोट टेबलावर ठेवला आणि म्हणाला हा हिशोब हिने मांडलाय, प्रश्न हिलाच विचारा, आणि खुर्ची मागे सरकवून बसला. ती आमच्यातली सगळ्यात ज्युनिअर. पहिल्या प्रश्नाला अडखळली, त्याने मध्ये तोंड घातलं नाही, दुसऱ्यापासून ती सुसाट. एक पैसा खर्च झाला नाही त्याचा. पुढे तिला दुसरीकडून ऑफर आली तेव्हा ती गेली नाही, आता त्याचं कारण हेच असं मी म्हणत नाही, पण ती स्लाइड ती अजून सांगते.

चिवट:
आणि आमच्याकडे उलट, काम आमचं आणि मेलमध्ये 'मी केलेलं अॅनालिसिस जोडत आहे'. आयत्या बिळावर नागोबा.

खर्डेघाशी:
जुनीवही, 'पावती' एकदम चोख. त्यातच फुलफिल्डमधला भरणं पण आहे, रक्कम भरून पावली असं लिहायचे ना जुन्या कागदांवर. फक्त 'भरून पावलो' असं टाचणींनी लिहू नये, कारण त्याचा आजचा अर्थ 'बास झालं तुमचं, हात जोडतो' असा आहे 😂

टाचणी:
हो, ते राजीनाम्याच्या मेलमध्ये शोभेल.

बरं, असं करतेय: पुस्तिकेचं नाव 'हातचं न राखता'. आत कार्यसंस्कृती एकदाच, सुरुवातीला, मग सगळीकडे ऑफिसचं वळण, कारण वळण लागायला वेळ लागतो आणि ते एकट्याने लावून होत नाही हे त्यातच येतं. सढळ आणि भिडस्त शेजारी शेजारी. उपकार, मेहेरबानी, बक्षीस हे तीन शब्द मॅनेजरने टाळायच्या यादीत. तुळशीपत्राला एक पान. फुलफिल्डला एक शब्द न देता 'कामाची पावती' ह्या नावाचं प्रकरण, त्यात ती स्लाइड वापरली तर चालेल का जुनीवही? ऑफिसचा उल्लेख करणार नाही.

जुनीवही:
वापरा की. फक्त ती अडखळली ते काढू नका, नाहीतर मॅनेजर गप्प बसला ह्याला काही किंमत राहत नाही.

दुपारचीशिफ्ट:
आणि रजेचं काय? 'रजा मंजूर' तसंच ठेवणार?

टाचणी:
मी 'रजा कळवली' असं लिहिलंय कच्च्या प्रतीत. एचआरने त्यावर लाल शेरा मारलाय, बोलायला जातेय उद्या.