हेलो इन्फिनिट: कन्सोल आणि पीसी वेगळे करा म्हणणाऱ्यांसाठी

मांजराकाठ (लातूर)
"कंट्रोलरवाल्यांचा नेम गेमच धरतो, कन्सोल आणि पीसीचे सामने वेगळे करा," ही हेलो इन्फिनिट या नेमबाजीच्या गेमबद्दलची कालची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. नेम गेम धरत नाही, कंट्रोलरला फक्त थोडी मदत मिळते, तिला एम असिस्ट म्हणतात. रेटिकल (पडद्यावरचं नेमाचं चिन्ह) शत्रूवर आलं की स्टिकचा वेग मंदावतो, तो आडवा पळाला तर नजर थोडी त्याच्यासोबत वळते, गोळी केसभर बाहेर गेली तर आत ओढली जाते. बस्स, एवढंच, तेही बंदुकीच्या ठरलेल्या पल्ल्यात. पाठीत मार बसला की माऊसवाला एका झटक्यात १८० अंश वळतो. स्टिकला तिची कमाल गती ओलांडता येत नाही. आणि पीसीला कंट्रोलर लावून खेळणारे ढीगभर आहेत. मशीन बघून वेगळं करून हाती काय लागणार?

तेरणाकाठ (धाराशिव)
"बस्स, एवढंच" म्हणता, त्यातच सगळं आलं. गेम आला तेव्हा रँक्डमध्ये (क्रमवारीच्या सामन्यांत) सगळ्यांच्या हाती सुरुवातीपासून बॅटल रायफल असायची. एका दाबात तीन गोळ्या, हा एक बर्स्ट. तीन बर्स्टमध्ये ढाल उतरते, चौथा डोक्यात. एक बर्स्ट अर्धा हुकला की पाचवा लागतो आणि तोवर आपण पडलेलो असतो. मधल्या पल्ल्यावर हे चार बर्स्ट सलग बसवायला कंट्रोलरवरच्या अंगठ्याला जेवढी मदत मिळते, तेवढी माऊसवरच्या मनगटाला मिळत नाही. १८० अंश वळून करायचं काय, ढाल तर आधीच गेली!
मशीन सोडा, हातातलं साधन बघून वेगळं करा. १५ नोव्हेंबर २०२१ ला मल्टिप्लेअर मोफत खुलं झालं तेव्हा एकट्या-दुकट्यांना रँक्डमध्ये सामना जुळायची कंट्रोलरची रांग वेगळी आणि माऊसची वेगळी होतीच. सगळ्यांची मिळून तिसरी.

मांजराकाठ
होती. पण रांग फोडली की माणसं कमी पडतात, हे का सांगत नाही? चार विरुद्ध चारला आठ जण लागतात. जवळ मिळाले नाहीत तर जुळवणी एक तर कौशल्यात सैल होते, नाही तर लांबच्या सर्व्हरवर नेते. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निव्वळ काचेत गेले; केबलचा वळसा आणि वाटेतले राउटर धरले की आकडा बराच वर जातो. भिंतीआड पोचल्यावरही मेलो, हे जे सगळे ओरडतात त्याचं मूळ इथं आहे. मारणाऱ्याच्या पडद्यावर तुम्ही अजून बाहेरच असता. त्याचं खापर एम असिस्टवर फोडू नका.

दुधना (जालना)
दोघांनीही फ्रेमचा विषय सोडून दिला. जुन्या एक्सबॉक्स वनवर सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी नवं चित्र. नव्या एक्सबॉक्स सीरीज एक्सवर परफॉर्मन्स मोडला १२०, म्हणजे ८.३. दोन्ही कन्सोलच! त्यांच्यातला फरक कंट्रोलर-माऊसच्या फरकाहून मोठा आहे.
सीरीज एक्स असून ६० वरच खेळणारे खूप आहेत. आधी कन्सोलच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १२० हर्ट्झ निवडा, मग गेममध्ये परफॉर्मन्स मोड, मग टीव्हीचा गेम मोड. शेवटचं विसरलं तर टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो आणि मिळवलेलं सगळं घालवतो. आणि कुणाचं बघून फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यात किती अंशांचं दृश्य मावतं ते) १२० करू नका. ७८ च्या तुलनेत समोरचा माणूस निम्म्याहून लहान दिसतो. मग नेम लागत नाही म्हणून क्रॉसप्लेला (कन्सोल-पीसी एकत्र खेळण्याला) शिव्या!

बिंदुसरा (बीड)
तुम्ही आठ मिलिसेकंदांवर भांडायलेत, इकडं लाईट टिकत नाही. सामना अर्धवट सुटला की दंड बसतो, तो कंट्रोलर बघून बसत नाही. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. पीसीचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, यूपीएस मोडमध्ये बदल १०-१५ मध्ये होतो. साध्या मोडला जास्त वेळ लागतो, म्हणून पंखा चालू राहतो आणि पीसी बंद पडतो. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर तर पीसीला लावूच नका.

तेरणाकाठ
हा सल्ला शहरापुरता. यूपीएस मोडला १८० व्होल्टच्या खालची लाईन चालत नाही. रब्बीत मोटारी सुरू झाल्या, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार आला की व्होल्टेज १७० वर येतं. लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर पळतो. दोन-तीन तासांत बॅटरी उतरते आणि खरी लाईट जाते तेव्हा अंधार.

बिंदुसरा
मग इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर बसवा, १४० व्होल्टपासून उचलणारा. मात्र फक्त पीसीचा भार धरून घेऊ नका. पीसी-मॉनिटरचे ३५० वॅट, १५० एएचची बॅटरी चार्ज होताना २५० च्या आसपास, वर पंखे-दिवे. २ केव्हीए घ्या. १ केव्हीएचा तापून ट्रिप होतो.

दुधना
राउटर आणि फायबरची डबी कोण बघणार? पीसी चालू राहिला आणि राउटर रीस्टार्ट झाला तरी सामना गेलाच. दोन्हींना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. आधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा. काही डब्या ९ व्होल्टच्या असतात, १२ दिले की जळू शकतात.

मांजराकाठ
विषय नेमाचा आहे, बॅटरीचा नाही. वेगळा धागा काढा.

बिंदुसरा
काढणार नाही. जिल्ह्याच्या गावी बसून आम्हाला विषय शिकवू नका! ज्याचा सामना दहाव्या मिनिटाला विझतो, त्याला तुमचा नेम काय कामाचा?

तेरणाकाठ
बरोबर बोलले ते. आणि मांजराकाठ, माणसं कमी पडतात हे मान्य. एकट्या-दुकट्यांचं रँक्ड तेवढं वेगळं ठेवा, बाकी क्रमवारी नसलेलं क्विक प्ले आणि २४ जणांची बिग टीम बॅटल राहू द्या एकत्र.

मांजराकाठ
जिवावर येतंय, पण चार बर्स्टचा हिशोब खोडता येत नाही. संध्याकाळी गर्दी असते तेव्हा वेगळी रांग चालेल. रात्री अकरानंतर एकच ठेवा, नाही तर आठ जण जमत नाहीत.

बिंदुसरा
अकरानंतर इकडं व्होल्टेज २३० असतं. तेव्हा यूपीएस मोड निर्धास्त टाका, पण त्याआधी बॅटरीतलं पाणी बघा. पातळी खालच्या रेघेखाली असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको.