पणजोबांच्या पत्रावर जर्मन छावणीचा शिक्का, पण घरात सगळे इटली म्हणतात. नक्की काय समजायचं?

माणदेशी_लेक:
नमस्कार मंडळी. आमचे पणजोबा ५ मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते, टोब्रुक पडलं तेव्हा पकडले गेले आणि मग इटलीत कैदेत होते असंच आजी कायम सांगायची. आता ट्रंकेत एक पत्राचा फॉर्म सापडलाय, वर क्रीग्सगेफांगेननपोस्ट (युद्धकैद्यांचं टपाल) असं छापलंय, चौकटीत गेप्र्यूफ्टचा (तपासलं) शिक्का, पाठवणाऱ्याच्या जागी एक नंबर आणि छावणी म्हणून स्टालाग ४ डी/झेड (४ रोमन आकड्यात). तारीख जानेवारी १९४४. पेन्शनच्या कागदावरच्या आर्मी नंबरशी हा नंबर अजिबात जुळत नाही. त्यात चुलतकाका म्हणतात, जर्मनीत होते म्हणजे नेताजींच्या फौजेतच गेले असणार. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा, वडिलांना फार वाटतंय की एकदा नीट खरं कळावं.

जुनेकागद:
ताई, आजीचंही बरोबर आणि कागदही बरोबर. टोब्रुक २१ जून १९४२ ला पडलं, ३० हजारांहून जास्त माणसं धरली गेली, तुमच्या पणजोबांची २/५ मराठा तिथे ११व्या इंडियन ब्रिगेडमध्ये होती. आफ्रिकेत पकडलेले बहुतेक कैदी इटलीच्या ताब्यात दिले जायचे, त्यामुळे पहिलं वर्षभर इटलीच. मग ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि ज्यांना निसटता आलं नाही त्यांना जर्मनांनी रेल्वेच्या डब्यात भरून उत्तरेला नेलं. म्हणून जर्मन कागदावर १९४३ च्या शेवटची तारीख दिसली तर ती नोंदणीची असते, पकडल्याची नाही, हे घोळ फार लोकांचे होतात.

नंबरचं म्हणाल तर तो जर्मनांनी दिलेला कैदी नंबर. पहिल्यांदा ज्या छावणीत नोंद झाली तिथला नंबर, आणि तो सहसा पुढे दुसऱ्या छावणीत गेलं तरी तोच राहायचा. त्यामुळे नंबर आणि छावणी दोन्ही एकत्रच टिपून ठेवा, नुसता नंबर काही कामाचा नाही, तोच आकडा दुसऱ्या छावणीत दुसऱ्या कुणाचा असू शकतो.

छावणीच्या नावातला रोमन आकडा म्हणजे लष्करी विभाग, ४ म्हणजे ड्रेस्डेनचा. डी म्हणजे टोरगाऊची छावणी आणि झेड म्हणजे तिची शाखा, ती अ‍ॅनाबुर्ग गावात होती.

लाइपझिगवासी:
अ‍ॅनाबुर्ग इथून फार लांब नाही. काकांना तसं का वाटतंय ते समजतं, कारण नेताजींच्या फ्री इंडिया लीजनसाठी भरती करायला भारतीय कैदी आणले ते याच अ‍ॅनाबुर्गला, पण म्हणून तिथे असलेला प्रत्येक माणूस लीजनमध्ये गेला असं अजिबात नाही, बहुतेक कैदी गेले नाहीत, कैदीच राहिले. शिवाय तारखा बघा ना, लीजन १९४३ च्या वसंतातच हॉलंडला हलली होती आणि तुमचं पत्र जानेवारी १९४४ चं, कैद्यांच्या फॉर्मवर, कैदी नंबरसकट. लीजनचा शिपाई जर्मन सैन्यात मोजला जायचा, त्याचं टपाल फेल्डपोस्ट म्हणजे लष्करी टपालाच्या नंबरने जायचं. या एका कागदावरून तरी जानेवारीत ते कैदीच होते असं मी म्हणेन. आणि गेले असते तरी कमीपणा काही नव्हता, पण जे झालं तेच लिहायला हवं.

पुढचंही शोधा. १९४४ मध्ये बरेच भारतीय कैदी फ्रान्सला एपिनालला हलवले होते, ११ मे १९४४ ला तिथे अमेरिकन बॉम्ब पडले, छावणीच्या भिंती फुटल्या आणि सुमारे ५०० जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. घरात बर्फाची, डोंगराची काही गोष्ट सांगितली जायची का, आठवून बघा.

माणदेशी_लेक:
अहो अंगावर काटा आला. बर्फाचं वडिलांना विचारते. पण कार्ड बिर्ड काही मिळतं का कुठे?

जुनेकागद:
मिळू शकतं. जर्मन छावणीत प्रत्येकाचं परझोनालकार्टे म्हणजे वैयक्तिक माहितीचं कार्ड भरायचे. पुढच्या बाजूला नाव, जन्म, धर्म, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, हुद्दा, पलटण, घरी काय काम करत होता, कुठे कधी पकडला, बरा होता की जखमी. तिथेच फोटो आणि बोटाचा ठसा, आणि घरी कुणाला कळवायचं त्याचा पत्ता. मागे लसी, आजारपणं आणि कुठल्या कामाच्या तुकडीवर पाठवलं ते. तो मागचा भाग सोडू नका, माणूस कुठे कुठे गेला ते सगळं तिथेच असतं.

ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ कैद्यांची अशी बरीच कार्डं लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ४१६ या मालिकेत आहेत, कॅटलॉगमध्ये नावाने शोधता येतं. प्रत्येकाचं असेलच असं नाही. शोधताना नाव पुढे-आडनाव मागे, आडनाव पुढे-नाव मागे, स्पेलिंगं बदलून, सगळं करून बघा. दुसरं म्हणजे जिनिव्हाला रेड क्रॉस, तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या कैद्यांसाठी अर्ज ठराविक दिवशीच उघडतात आणि मर्यादित घेतात, त्यामुळे तारखेवर लक्ष ठेवा. अर्जात आर्मी नंबर, वडिलांचं नाव, गाव आणि हा कैदी नंबर छावणीसकट द्या.

बेळगावला रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला पण पत्र टाका, पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स जोडून. आणि त्या फॉर्मला लॅमिनेशन अजिबात करू नका, आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, आतला मजकूरही, मग इथे टाका, शिक्के वाचायला मदत करतो.