परीक्षणासाठी क्विल्टच्या कडांची सफाई कशी साधावी?

प्रश्न:
माझी क्विल्ट (थर शिवून केलेली गोधडी) पुन्हा एकदा स्पर्धेसाठी द्यायची आहे. मागच्या खेपेला परीक्षकांनी रंगसंगतीची प्रशंसा केली, मात्र गोट (कडेभोवती दुमडून शिवलेली पट्टी) पोकळ असल्याचा आणि कडा लहरत असल्याचा शेरा दिला. टाके एकसारखे असतानाही गोट पोकळ कसा ठरतो? कडा सरळ बसण्यासाठी काय करावे?

उत्तर 1:
परीक्षक गोट चिमटीत धरून पाहतात, आणि बॅटिंग (दोन कापडांमधला भरावाचा थर) गोटाच्या दुमडीपर्यंत पोहोचले नसेल तर तिथे नुसते कापड चेपले जाते. अडीच इंची पट्टी दुहेरी दुमडून पाव इंचावर टीप मारली असेल, तर बॅटिंग पाव इंचावरच छाटू नका. थोडे बाहेर ठेवा आणि वीतभर कडेवर गोट उलटवून भरीवपणा तपासल्यावरच पुढे जा. कोपऱ्यांवरची तिरकी दुमड पुढून आणि मागून अशी दोन्हीकडून बारीक टाक्यांनी बंद करावी लागते. मागची बाजू पुष्कळजण विसरतात, आणि ती उघडी राहिली की लगेच नजरेत येते.

उत्तर 2:
लहरींचे मूळ बहुधा गोट लावण्याच्या आधीच असते. क्विल्टिंग (सगळे थर एकत्र शिवणे) संपल्यावर क्विल्ट ओली करून सपाट जागी पसरावी, काटकोनात बसवून टाचण्या लावाव्यात, दोन्ही कर्ण मोजून सारखे करावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. कडा त्यानंतरच छाटाव्यात. कापडाचा रंग जात नाही ना, हे मात्र आधी पाहून घ्या. आखणीसाठी पाण्याने जाणारी शाई वापरली असेल, तर ती गार पाण्याने पूर्ण निघेपर्यंत इस्त्री लावू नका, कारण उष्णतेने ती कायमची बसू शकते. गोट शिवताना पट्टी ओढली तर कड आत वळते आणि क्विल्ट ताणली गेली तर लहरते, म्हणून दोन्ही सैल हाताने पुढे सरकू द्यावीत.

उत्तर 3:
दोऱ्यांची टोके गाठीपाशी कापू नका. सुईने बॅटिंगमध्ये ओढून घ्या. अस्तरावरची लव चिकट रोलरने काढायला विसरू नका.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आत्ताच चिमटीत धरून पाहिले. तीन बाजू भरीव लागतात, पण चौथ्या बाजूचा गोट वीतभर लांबीत कागदासारखा चपटा होतो. कर्णांमध्येही पाऊण इंचाचा फरक आहे. त्यामुळे चारही बाजूंचा गोट उसवून क्विल्ट आधी ओली करून काटकोनात बसवते.