मदत हवी आहे: ईएल८४ अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायला फिल्म कंडेन्सर कोणता लावावा?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. माझ्या मामाने स्वतःच्या हाताने बांधलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर आता माझ्याकडे आला आहे. सिंगल एंडेड स्टिरिओ आहे, म्हणजे प्रत्येक चॅनेलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह. आउटपुटला दोन ईएल८४, त्यांच्या आधी एक ईसीसी८३ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ईझेड८१ (ही सगळी व्हॉल्व्हची नावं). ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्टचा. पुढे पहिला कंडेन्सर, १० हेन्रीचा चोक (लोखंडी गाभ्याची कॉइल) आणि दुसरा कंडेन्सर. मामाच्या वहीत सर्किट नीट काढलेलं आहे, त्यामुळे वायरिंगचा प्रश्न नाही.

प्रश्न कंडेन्सरचा आहे. दोन्ही कंडेन्सर एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात आहेत, ३२+३२ मायक्रोफॅरॅड, ३५० व्होल्ट. डबा फुगलाय आणि बुडाशी पांढरट थर जमलाय. स्पीकरमधून सतत भुणभुण येते, व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच. ईसीसी८३ काढून पाहिला तरी ती गेली नाही, म्हणून दोष सप्लायचाच धरते आहे.

हा डबा इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेला कंडेन्सर आहे; पुन्हा तसाच लावायला मन घेत नाही. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर जातो, आणि चासीच्या (अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याच्या) आत व्हॉल्व्हची धग वेगळीच. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं असं शिकले आहे. पॉलिप्रॉपिलीन फिल्म, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीच्या कंडेन्सरमध्ये सुकून जायला द्रवच नाही. हा अँप्लिफायर पुढची बरीच वर्षं उघडावा लागू नये अशी माझी इच्छा आहे.

अडचणी अशा. आमच्याकडे रात्री उशिरा मेन्स (घरची वीज) २३० ऐवजी २५० व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे २५० चं वाइंडिंग २७२ देणार आणि त्याचं शिखर सुमारे ३८५ व्होल्ट. मग कंडेन्सर ४५० चा पुरेल की ६३० चाच घ्यावा? दुसरं, जेल रोडवर ५० मायक्रोफॅरॅडचा डीसी फिल्म मागितला तर "मागवावा लागेल" असं उत्तर मिळतं. एका दुकानदाराने पाण्याच्या मोटरचा ३६ मायक्रोफॅरॅड, ४४० व्होल्टचा रनिंग कंडेन्सर समोर ठेवला आणि म्हणाला, हाच लावा. तो खरंच चालेल का? आणि दोन्ही जागी फिल्म हवा की एकाच? चासीत जागा फार नाही, आणि मामाने वर बसवलेला जुना डबा मला हलवायचा नाही.

प्रतिसाद (बडोद्याहून)

ताई, आधी एक विनंती. फुगलेल्या डब्यावर अँप्लिफायर आता चालू करू नका. तो शॉर्ट झाला तर ईझेड८१ जाईल, आणि त्याच्या पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. मामांनी गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर परत मिळणार नाही.

तुमचा ३८५ चा हिशेब बरोबर आहे. ईएल८४ काढून कधी सप्लाय तपासलात तर पहिल्या कंडेन्सरवर तेवढे व्होल्ट खरोखर चढतील. ३५० चा डबा इतकी वर्षं टिकला यात मेन्स कमी असण्याचा वाटा मोठा असणार. इलेक्ट्रोलिटिक घ्यायचा तर ४५० च्या खाली नको, फिल्म घ्यायचा तर ६०० च्या आसपास किंवा वर घ्या.

मोटरचा रनिंग कंडेन्सर चालतो, मी स्वतः वापरतो. तो मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनच असतो. त्यावरचे ४४० व्होल्ट एसीचे आहेत, म्हणजे शिखर ६२२. तुमचे ३८५ त्याच्या पुष्कळ खाली राहतात. घेताना त्यावर आयएस २९९३ किंवा आयईसी ६०२५२ हे मानक लिहिलंय का पाहा. क्लास बी असेल तर आयुष्य १०,००० तास, क्लास ए असेल तर ३०,००० तास, तेही पूर्ण एसी व्होल्टेजवर. आपल्याकडे डीसीवर थोडी रिपल (उरलेला चढउतार), त्यामुळे ताण त्याहून कमी. मात्र स्टार्टिंग कंडेन्सर चुकूनही घेऊ नका. तो काही सेकंदांपुरता बनवलेला इलेक्ट्रोलिटिक असतो. भंगारातले जुने तेलाचे डबेही नकोत, त्यांतल्या कित्येकांत पीसीबी नावाचं विषारी तेल असे.

प्रतिसाद (पुण्याहून)

वरच्या दादांशी बहुतेक सहमत आहे. पण दोन्ही जागी फिल्म लावायचा आग्रह मी धरणार नाही. दोन्ही जागांचं काम वेगळं आहे.

पहिल्या कंडेन्सरवर रेक्टिफायरचे करंटचे ठोके थेट येतात. इलेक्ट्रोलिटिक आतून तापतो तो इथेच. शिवाय ईझेड८१ ला पहिल्या जागी ५० मायक्रोफॅरॅडच्या वर देऊ नये असं डेटाशीट सांगतं. फिल्मचा मोठा तोटा हा की मायक्रोफॅरॅड महाग पडतात. पण इथे जास्त मायक्रोफॅरॅड चालतच नाहीत, मग तो तोटा उरतो कुठे? म्हणून फिल्मवर पैसे घालायचे तर ते पहिल्या जागेवर.

आकडे मांडून पाहू. दोन ईएल८४ चे प्लेट आणि स्क्रीन (व्हॉल्व्हमधले दोन इलेक्ट्रोड) मिळून करंट साधारण १०७ मिलिअँपियर, ईसीसी८३ धरून ११० धरा. आपल्याकडे रिपल १०० हर्ट्झची. ३६ मायक्रोफॅरॅडवर ढोबळ हिशेबाने वरपासून खालपर्यंत ३० व्होल्ट, प्रत्यक्षात थोडी कमीच. १० हेन्री आणि पुढे ५० मायक्रोफॅरॅड असतील तर ती सुमारे १९६ पटींनी घटते, म्हणजे ०.१५ व्होल्टच्या आसपास. ५० च्या जागी १०० लावले तर त्याच्या निम्मी. चांगला १०५ अंशांचा १०० मायक्रोफॅरॅड, ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक लहान असतो, आणि चोकच्या पलीकडे त्याला जवळजवळ काहीच रिपल करंट सोसावा लागत नाही. तिथे तो निवांत जगतो. चासीतली जागाही वाचेल.

अमेरिकन सर्किटमधली मूल्यं जशीच्या तशी उचलू नका हेही सांगतो. तिकडे मेन्स ६० हर्ट्झचा आहे. तेच चोक आणि तेच कंडेन्सर आपल्याकडे लावले तर शेवटची रिपल पावणेदोन पट होते. पुश-पुलमध्ये (जोडीने उलटसुलट चालणारे दोन व्हॉल्व्ह) ती बरीचशी आपसात कटते, सिंगल एंडेडमध्ये सगळी कानावर येते.

आणखी एक, जे बहुतेक लोक बघतच नाहीत. ईएल८४ पेंटोड आहे, म्हणजे आत पाच इलेक्ट्रोड, त्यांतला एक स्क्रीन ग्रिड. प्लेटच्या रिपलपेक्षा स्क्रीन ग्रिडची रिपल तिला कितीतरी जास्त लागते. मामांच्या वहीत स्क्रीनला वेगळा रोध आणि कंडेन्सर आहे का? नसेल तर १ किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरॅड घाला. १०० हर्ट्झ तिथे आणखी तीसेक पटींनी खाली येईल, आणि व्होल्ट फक्त ११ जातील. भुणभुणीवर याचा उपयोग महागड्या फिल्मपेक्षा जास्त होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. वही काढून पाहिली. स्क्रीन थेट दुसऱ्या कंडेन्सरवर जोडलेले आहेत, वेगळं काहीच नाही. म्हणजे १ किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरॅड घालायचे, हे ठरलं.

पहिल्या जागी ३६ चा मोटरवाला आणि दुसऱ्या जागी १०० चा इलेक्ट्रोलिटिक. मोटरवाला साधारण मुठीएवढा आहे, चोकच्या शेजारी आडवा क्लॅम्पने बसेल. जुना डबा आतून तोडून वर तसाच ठेवते. एक शंका राहते. फिल्म चार्ज फार वेळ धरून ठेवतो असं वाचलं. मामाच्या सर्किटमध्ये ब्लीडर (बंद केल्यावर चार्ज रिकामा करणारा रोध) नाही. किती ओहमचा घालू?

प्रतिसाद (बडोद्याहून)

ताई, ब्लीडर हवाच. फिल्मची गळती इतकी कमी की व्हॉल्व्ह काढलेले असताना तो तासन्‌तास भरलेला राहू शकतो. ३६ मायक्रोफॅरॅडवर ३८५ व्होल्ट म्हणजे पावणेतीन ज्यूलच्या जवळ, पलीकडच्या १०० वर त्याहून कितीतरी जास्त. हे जिवावर बेतू शकतं.

१०० किलोओहमचे दोन रोध सिरीजमध्ये घ्या, प्रत्येकी २ वॅटचे. एकच २०० किलोओहमचा नको, कारण लहान रोधाची स्वतःची व्होल्टेजची मर्यादा असते आणि ३८५ तिच्या वर जाऊ शकतात. दोघांत मिळून पाऊण वॅट जळेल. सगळे कंडेन्सर धरून सुमारे १८० मायक्रोफॅरॅड होतात, ते ५० व्होल्टच्या खाली यायला सव्वा मिनिट लागेल. तुम्ही दोन मिनिटं थांबा आणि तरीही प्रत्येक कंडेन्सरवर मीटर लावून बघितल्याशिवाय आत हात घालू नका. एक हात पाठीमागे ठेवून काम करा.

ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपच्या (वाइंडिंगच्या मधल्या तारेच्या) वाटेत २५० मिलिअँपियरचा फ्यूजही घाला. मोटरवाल्याचा डबा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो अर्थला जोडा.

आणि रात्री मेन्स २५० असताना ईएल८४ च्या प्लेट आणि कॅथोडमधले व्होल्ट मोजून इथे टाका. तिची मर्यादा ३०० व्होल्ट आणि १२ वॅट आहे. नवीन कंडेन्सर घातल्यावर व्होल्ट थोडे चढतील. कॅथोडचा रोध बदलावा लागेल की नाही, ते आकडे बघूनच सांगता येईल.