शब्दचर्चा : ‘गेस्ट वर्कर’ म्हणजे पाहुणा, अतिथी की चाकरमानी?

तर्जुमा :
अमेरिकेच्या सिनेटमध्ये २००७ साली आपटलेल्या इमिग्रेशन विधेयकावरचा एक लांबलचक लेख मराठीत आणतेय आणि दुसऱ्याच पानावर अडकलेय. ‘गेस्ट वर्कर प्रोग्रॅम’, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी परदेशातून कामगार आणायची योजना. आधी ‘पाहुणे कामगार योजना’ लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. पाहुणा आला की आपण पाट मांडतो, गूळपाणी देतो; त्याला कांदे काढायला शेतात पाठवत नाही. संपादकांनी ते खोडून ‘अतिथी कामगार’ केलं. ते तर आणखी विचित्र. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असं शाळेत घोकलं होतं. ह्या माणसाची तिथी पासपोर्टवर शिक्का मारून ठरवलेली असते, आणि येण्यापेक्षा जाण्याची जास्त. त्या विधेयकात तर गणितच मांडलं होतं : दोन वर्षं काम, मग एक वर्ष आपल्या देशी, असं तीनदा.

ह्याशिवाय ‘अ‍ॅम्नेस्टी’ आणि ‘इमिग्रेशन रिफॉर्म’ हेही छळतायत; पहिला म्हणजे परवानगीशिवाय राहणाऱ्यांना कायदेशीर करून घेणं, दुसरा म्हणजे स्थलांतराच्या कायद्यातला बदल. पण आधी पाहुण्याचं बघू.

माणदेशी :
ताई, आमच्याकडं ‘पाव्हणं’ ही हाक मुळात अनोळखी माणसालाच मारतात. यष्टीत शेजारी बसला तो पाव्हणा. त्यामुळं शब्द अगदीच टाकाऊ नाही. आणि म्हण आठवा की, पाहुण्याच्या हातानं साप मारायचा. घरच्यांनी हात घालू नये असं काम पाहुण्याकडून करून घ्यायचं. अमेरिकेतली भाजीची तोडणी काय निराळी आहे?

ताकभात :
‘हातानं’ नव्हे, ‘काठीनं’. पाहुण्याच्या काठीनं साप मारणं.

माणदेशी :
काठी मोडली तर पाहुण्याची मोडते एवढंच त्यात. हातात जीव जातो. आमचीच म्हण बरोबर.

जुनी पोथी :
‘अतिथी’ची ती शाळेतली फोड लोकप्रिय आहे, पण एकमेव नाही. ‘अत्’ म्हणजे सतत चालणं, त्यावरून ‘चालत राहतो तो’ असंही व्याकरणकार सांगतात. मनुस्मृती तर एक रात्र मुक्काम करतो तो अतिथी, इतकी काटेकोर मुदत घालते. म्हणजे संपादकांच्या बाजूने एवढं तरी बोलता येईल.

मूळ शब्द मात्र इंग्रजी नाही, जर्मन आहे : गास्टआर्बायटर. तो का रूढ झाला हे कळलं की अनुवादाचा घोळ सुटायला मदत होईल. नाझी काळात बाहेरून आणून राबवलेल्या माणसांना ‘फ्रेम्डआर्बायटर’, म्हणजे परका कामगार, म्हणत. युद्धानंतर तो शब्द कुणाला तोंडात नको होता. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले, तेव्हा ‘परका’ जाऊन ‘पाहुणा’ आला. सभ्यपणा होता, पण त्यात एक सूचनाही होती : पाहुणा जातो.

१९६४ मध्ये कोलोनच्या डॉइट्स स्टेशनवर एका पोर्तुगीज सुताराला दहा लाखावा पाहुणा म्हणून मोपेड भेट दिली, बँड वगैरे लावून. त्याच वर्षी तुर्की करारातली दोन वर्षांची अट काढून टाकली गेली. कुणाच्या आग्रहावरून? कामगारांच्या नव्हे, कारखानदारांच्या. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी परत पाठवायचा आणि नवा आणून पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, हे त्यांना परवडेना. आपल्याकडे म्हणतात ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इथे तिसऱ्या दिवशी राहा म्हणून यजमानच हाताला धरून बसला होता. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकट आलं, भरती बंद झाली, आणि मग चर्चा सुरू झाली की हे लोक अजून इथे कसे?

एक हिशेब सहसा कुणी सांगत नाही. १९५५ ते १९७३ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख आले आणि त्यांतले सुमारे १ कोटी १० लाख परत गेले. म्हणजे बहुतेक पाहुणे खरोखरच गेले. राजकारण उरलेल्यांवर चाललं.

श्टुटगार्टवासी :
इथे आता तो शब्द कुणी नव्या माणसाला लावत नाही. आता ‘फाखक्राफ्ट’, म्हणजे प्रशिक्षित कामगार. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार जण पाठवायचा करार केला तेव्हा मराठी पेपरांत ‘कुशल मनुष्यबळ’ असं आलं. वाचून गंमत वाटली. जर्मन शब्दातला ‘क्राफ्ट’ म्हणजेही बळच. दोन्ही भाषांनी माणूस बाजूला ठेवून बळ तेवढं उचललं.

माझ्या खालच्या मजल्यावर एक तुर्की आजी आहेत. त्यांचा नातू इथलाच वकील. त्याला अजून विचारतात, तू मूळचा कुठला? आजोबांचं पाहुणेपण नातवाच्या वाटणीला आलेलं आहे.

बीडकर :
अमेरिकेतला ह्याआधीचा शब्द ‘ब्रासेरो’. १९४२ ते १९६४ मेक्सिकोतून शेतावर माणसं न्यायची योजना होती, ४५ लाखांवर करार झाले. स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे बाहू. बाहूवाला तो ब्रासेरो. आम्हाला ह्यात नवल नाही. आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजतच नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुकादम विचारतो, यंदा किती कोयते? उचल घेतली की सहा महिने कोयता त्याचा.

फरक एकच. ब्रासेरोला बायको नेता येत नव्हती, आमच्या कोयत्यात ती धरलेलीच असते.

तर्जुमा :
बीडकर, हे मी लेखात तळटीप म्हणून वापरणार.

जुनी पोथी :
वापरा, पण जपून. ऊसतोड कामगार ह्याच देशाचा नागरिक आहे. मुकादमाशी भांडला तर त्याचं वाटोळं होईल, पण त्याला सीमेपलीकडे कुणी टाकू शकत नाही. अमेरिकेत शेतीसाठीचा जो एच-२ए व्हिसा आहे त्यात मालकाने राहायची जागा फुकट द्यायची असते, जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा असतो. कागदावर आपल्या साखर कारखान्याच्या तळापेक्षा बरंच. पण व्हिसा त्या मालकापुरताच. काम सोडलं आणि ठरलेल्या मुदतीत दुसरा मालक मिळाला नाही की देशात राहण्याचा हक्कही सुटला. हीच गाठ गेस्ट वर्कर शब्दात बांधलेली आहे. यजमान एकच, आणि तो रुसला की पाहुण्याने उठायचं.

बीडकर :
मान्य. पण आमच्याकडं मत असून मतदानाला गावी कोण असतं, तेही बघा कधी.

न्यूजर्सीची आत्या :
मी वीस वर्षांपूर्वी एच-१बी वर, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या व्हिसावर आले. आम्हाला कुणी गेस्ट वर्कर म्हटलं की इथली देशी मंडळी दुखावतात, की ते शेतावरचे, आम्ही नाही. पण कायद्याच्या पुस्तकात दोघंही एकाच खणात : ‘नॉन-इमिग्रंट’, म्हणजे कायमचे राहायला न आलेले. आणि एच-१बी विरोधातली मंडळी, डावी असोत की उजवी, आम्हाला मुद्दाम गेस्ट वर्करच म्हणतात.

अनुवादासाठी कामाची एक गोष्ट सांगते. एच-२ च्या कायदेशीर व्याख्येत अशी अट आहे की ह्या माणसाचं परदेशात घर असलं पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. इरादा! व्हिसाच्या खिडकीत बसलेला अधिकारी तुमच्या मनात काय आहे ते तपासतो. १९९० च्या कायद्याने एच-१बी वाल्यांना ह्या अटीतून सोडवलं. म्हणून आम्ही उघडपणे ग्रीनकार्डच्या रांगेत उभे राहू शकतो. आता रांग इतकी लांब आहे की इरादा आहे, घरही इथेच आहे, कागद मात्र अजून ‘नॉन’च म्हणतो. त्यात २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली. हा कुठला पाहुणेर म्हणायचा?

रत्नांग्रीचो :
घर आहे आणि ते सोडून द्यायचा इरादा नाही, ह्याला मराठीत शब्द आहे हो! चाकरमानी.

मुंबईत नोकरी, घर गावी. गणपतीला नि शिमग्याला येणार. पैसे पाठवणार, कौलं बदलणार, म्हातारपणी येऊन राहणार म्हणणार. दुबईला गेलेल्यालाही आमच्याकडे कुणी स्थलांतरित म्हणत नाही. ‘नोकरीला आहे’ म्हणतात. तिकडचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, पासपोर्ट दाबून बसलाय हे घरी कळवत नाहीत, तो भाग वेगळा.

तर्जुमा :
अहो, हे सोनं आहे. चाकरमानी!

ताकभात :
सोनं आहे, पण माप चुकतंय. चाकरमानी हा गावाने ठेवलेला शब्द आहे, मुंबईने नव्हे. मुंबईचा मिलमालक त्याला चाकरमानी म्हणत नव्हता, ‘हँड’ म्हणत असेल फार तर. गेस्ट वर्कर हा शब्द यजमानाच्या ओट्यावरून दिसतो तसा आहे. सिनेटर बोलतोय, मेक्सिकोतल्या गावातली आई नाही. आईच्या तोंडी चाकरमानी शोभेल.

आणि आणखी एक. माझे आजोबा लालबागच्या चाळीत आले, वडील तिथेच जन्मले, मीही तिथलाच. गावी आम्हाला अजून चाकरमानी म्हणतात. चार दिवस जातो तर कोंबडं कापतात, खाट देतात, पाणी काढू देत नाहीत. म्हणजे खरे पाहुणे आम्ही आमच्याच घरी आहोत. ते ‘सोडून न देण्याचा इरादा’ असलेलं घर बंद आहे आणि चावी शेजारच्या काकूंकडे.

रत्नांग्रीचो :
बंद का असेना, विकलं नाहीत ना? झालं तर. बाकी आता सरकारदरबारी चाकरमानी शब्दही नको झालाय, ‘चाकर’ टोचतो म्हणून ‘कोकणवासीय’ म्हणायचं ठरलं. म्हणजे मुंबईत राहतो तो कोकणवासीय. घ्या.

मुद्रांकवाला :
आता ‘अ‍ॅम्नेस्टी’. माझा धंदा दस्तांचा, म्हणून सांगतो : आपल्याकडे सरकार हौसेनं ‘अभय योजना’ काढतं. मुद्रांक शुल्काची अभय योजना, पाणीपट्टीची अभय योजना. थकबाकीदार खूश, तिजोरी खूश. शब्दात कुठे डाग नाही. अमेरिकेत मात्र तो शिवीसारखा झालाय. १९८४ च्या निवडणुकीच्या वादसभेत राष्ट्राध्यक्ष रेगन ‘अ‍ॅम्नेस्टी’च्या बाजूने सरळ बोलले होते, १९८६ मध्ये त्यांच्या सहीने १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना कायदेशीर होता आलं, मिळून सुमारे २७ लाखांना. २००७ पर्यंत विधेयकाचे समर्थकच शपथेवर सांगू लागले की ही अ‍ॅम्नेस्टी नव्हे, आम्ही दंड घेतोय!

मुंबईकरांना हे समजायला कोश नको. झोपड्यांची कट-ऑफ डेट आठवा. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. विरोधकांचं म्हणणं तेच, की एकदा तारीख पुढे सरकवलीत की पुढच्या तारखेची वाट बघत लोक येत राहतील. समर्थकांचं म्हणणंही तेच, की माणसं इथे आहेतच, राबतायत, त्यांना कागद द्या. तेव्हा ‘अभय’ म्हटलंत तर तुम्ही समर्थकांच्या बाजूला गेलात. ‘माफी’ म्हटलंत तर विरोधकांच्या, कारण माफी म्हटली की गुन्हा आधी गृहीत धरला. ‘नियमित करणे’ म्हणा. गुंठेवारीत घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे, कुणाला टोचत नाही.

न्यूजर्सीची आत्या :
टोचत नाही हाच दोष. जो सिनेटर संतापून ‘अ‍ॅम्नेस्टी!’ ओरडतोय, त्याच्या तोंडी ‘नियमितीकरण’ घातलंत तर तो तहसीलदार वाटेल.

आणि ह्या भांडणाच्या बाजू पक्षाप्रमाणे पडत नाहीत, हेही अनुवादात दिसू द्या. २००७ च्या विधेयकात रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश आणि डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी एकीकडे होते. उद्योगांना कामगार हवे होते. कामगार संघटनांत फूट होती; एएफएल-सीआयओ ह्या मोठ्या कामगार महासंघाचा विरोध होता, कारण ज्याला काम सोडताच येत नाही तो मजुरी वाढवून मागणार कसा? डेमोक्रॅट डॉर्गन ह्यांनी गेस्ट वर्करची योजना पाच वर्षांत आपोआप संपेल अशी दुरुस्ती आणली, ती ४९ विरुद्ध ४८ ने पास झाली, आणि उद्योगवाल्यांचा त्यातला रसच गेला. शेवटी चर्चा आटोपती घ्यायच्या ठरावाला ४६ च मतं पडली, लागत होती ६०. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ ने नवं विधेयक मंजूर केलं, तर कनिष्ठ सभागृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. सगळेच आपापल्या मसुद्याला ‘रिफॉर्म’ म्हणतात, भिंत बांधणारेसुद्धा. मराठीत ‘सुधारणा’ म्हटलं की आगरकर आठवतात. तेव्हा ‘फेरबदल’ बरा.

तर्जुमा :
बराच उजेड पडला. मी असं करतेय : माझ्या निवेदनात ‘मुदतीचे कामगार’. सिनेटरांच्या तोंडी ‘गेस्ट वर्कर’ तसाच. रिफॉर्मला ‘फेरबदल’. अ‍ॅम्नेस्टी विरोधकाच्या तोंडी ‘माफी’, समर्थकाच्या तोंडी ‘अभय’, आणि कायद्याच्या कलमात मुद्रांकवाल्यांचं ‘नियमित करणे’. एकाच शब्दाला तीन प्रतिशब्द पाहून संपादक चिडणार आहेत.

बीडकर :
मुदतीचे म्हणजे मुदत ठेवीसारखे. ब्रासेरोंच्या मजुरीतूनही सुरुवातीच्या वर्षांत १० टक्के कापून ठेव म्हणून मेक्सिकोतल्या बँकेत पाठवत, परत गेल्यावर मिळतील म्हणून. कित्येकांना ती कधी मिळालीच नाही. म्हातारे होऊन मोर्चे काढत बसले.

तर्जुमा :
मग शब्द पक्काच. आता शेवटचा एक : ‘अनडॉक्युमेंटेड’. ‘बेकायदा’ लिहिलं तर बाजू घेतली असं होतं, आणि ‘दस्तऐवजविरहित’ लिहिलं तर मला कुणी जेवायला बोलावणार नाही.

माणदेशी :
बिनकागदाचा.

तर्जुमा :
घेतला.