तूरडाळ स्वस्त झाली म्हणतात, मग महिन्याचं वाणसामान कमी का होत नाहीये?

डोंबिवलीची सून

किराण्याच्या पावत्या मी डाळीच्या डब्यामागे पिशवीत जपून ठेवते, परवा बसून सगळ्या काढल्या. घरात चार माणसं, मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी साडेपाच हजारात महिना निघायचा आता सात हजारातही ओढाताण होते, आणि सामान तेव्हापेक्षा कमी आणतोय हे लक्षात घ्या. तेल पाचाऐवजी चार पाऊच, सुकं खोबरं तर जवळजवळ बंदच, वाटणात भाजलेले तीळ आणि डाळं घालते. तूर महाग होती तेव्हा आमटीत अर्धी मसूर मिसळायला लागले ते आजपर्यंत सुरूच आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण एकदा वाटी तशीच ठेवून उठल्या.

तेलाचं सांगते. मी पाऊच आणले की स्टीलच्या बरणीत ओतते, चार पाऊचनी बरणी गळ्यापर्यंत भरायची. गेल्या महिन्यात दोन बोटं कमी राहिली. मला वाटलं सांडलं की काय, ओट्याखाली वाकून बघितलं. मग रिकामा पाऊच उलटा करून वाचला, तर बारीक अक्षरात ८५० ग्रॅम. एक लिटरचा पाऊच ९१० ग्रॅमचा असतो हे मला तेव्हा कळलं. पाऊच तेवढाच मोठा, रंग तोच, आत ६० ग्रॅम कमी.

माझं म्हणणं एकच आहे. महागाई वाढली की "ॲडजस्ट करतात लोक" असं सगळे म्हणतात, पण ती ॲडजस्टमेंट घरातल्या बाईच्या ताटातून सुरू होते. माझं सकाळचं दूध कधी बंद झालं ते घरात कुणालाच माहीत नाही. हा खर्च कुठल्या आकड्यात येतो?

सरळ हिशेब

ताई, राग मानू नका, पण भावनेवर बोलून चालणार नाही. ऑक्टोबर २०२५ ला देशातली किरकोळ महागाई फक्त ०.२५ टक्के होती, खाण्याच्या वस्तू तर वर्षभरापूर्वीपेक्षा स्वस्त झाल्या होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरला हाच खाद्यमहागाईचा दर १० च्या वर होता. सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी, चीज, फरसाण यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, पनीरवर शून्य झाला. हे खोटं आहे का? आणि २०२३-२४ ची सरकारी खर्च पाहणी बघा, शहरी घरात खाण्यावरचा खर्च ४० टक्क्यांच्या आसपास आहे, पण त्यात सगळ्यात मोठा वाटा डाळ-तांदळाचा नाही, तो पेयं आणि तयार पदार्थांचा आहे. आपण बाहेरचं मागवतो, पाकिटातलं आणतो, आणि शिव्या वाण्याला देतो. माझ्या आईने वर्षाचे गहू-तांदूळ-डाळी एप्रिल-मेमध्ये भरून, ऊन दाखवून, एरंडेल लावून ठेवले आणि तीन मुलं मोठी केली.

डोंबिवलीची सून

आकडे खोटे म्हणत नाहीये मी. भाजी आणि डाळ उतरली म्हणून सरासरी खाली आली, पण त्याच ऑक्टोबरात तेल वर्षभरापूर्वीपेक्षा वरच होतं, आणि फोडणी सरासरीत पडत नाही ना. बाहेरचं आमच्याकडे वाढदिवसाला येतं. वर्षाचं भरायला एकदम पंधरा-वीस हजार हातात लागतात, पगार एक तारखेला येतो आणि हप्ता पाच तारखेला जातो, भरायचं कधी? शिवाय वन आरकेमध्ये तीन कोठ्या ठेवायच्या कुठे? आमच्याकडे भांड्याला येतात त्या मावशी तर दहा रुपयांचं तेल रोज घेतात, त्यांना ते माझ्यापेक्षाही महाग पडतं. ज्याच्याकडे पैसा कमी त्यालाच किलोमागे जास्त पैसे मोजावे लागतात. त्याला काटकसर शिकवून काय होणार.

औसा शिवार

ताईंच्या घरची ओढाताण खरी आहे पण ही दुसरी बाजू कुणीतरी मांडायलाच पाहिजे म्हणून लिहायलोय. डाळ स्वस्त झाली म्हणता ना, ती कशानं झाली? सरकारनं तुरीची आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत बिनशुल्क ठेवली, म्यानमार आणि आफ्रिकेतून माल आला. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० जाहीर, आणि बाजारात आमची तूर त्याच्या खाली गेली. तुमची आमटी स्वस्त झाली ती आमच्या खिशातून.

सोयाबीनचं तर विचारूच नका. २०२४ ला हमीभाव ४,८९२ आणि आमच्याकडं माल गेला चार हजार, बेचाळीसशेनं. खरेदी केंद्रावर नेला तर ओलावा १२ टक्क्याच्या वर म्हणून परत. टेम्पोभाडं जायला आणि यायला. ती अट १५ टक्के केली नोव्हेंबरात, तवर दिवाळी होऊन गेलती, दुकानदाराची बी-खताची उधारी भागवायला आमच्या गल्लीतल्या लोकांनी आडतीला घालून मोकळे झालते. शहरातले लोक भाव वाढला की बोलतात, पडला की कुणी बोलत नाही.

निफाडचा

शंभर टक्के. डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी केली तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला होता. लाल कांदा चाळीत टिकत नाही, निघेल तसा विकावाच लागतो. कुणाचं ताट स्वस्त झालं हे त्या दिवशी लासलगावला येऊन बघायचं.

डोंबिवलीची सून

दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि तुमच्याशी माझं भांडण नाहीच. पण मला एक कळत नाही, ते समजावून सांगा. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, सोयाबीनवाल्यांना भाव मिळावा म्हणून. दिवाळीत मी पाऊचला वीसेक रुपये जास्त मोजले, फराळाची चकली निम्मी केली. ते पैसे तुम्हाला मिळाले नाहीत. मे २०२५ अखेर शुल्क १० टक्क्यांवर आणलं, तेव्हा माझ्या पाऊचवर काही फरक दिसला नाही. मग मधले पैसे गेले कुठे?

औसा शिवार

सोयाबीनमध्ये तेल निघतं १८-२० टक्के, बाकी सगळी पेंड. दर ठरतो तो पेंडीवर जास्त. मक्यापासून इथेनॉल करतात त्याचा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्त पडतो, म्हणून पेंडीला उठाव राहिला नाही. तेल वाढलं तेवढं पेंडीनं खाल्लं, असं आहे ते. करडई पेरणारे आमच्याकडं आता मोजके राहिलेत नाहीतर घाण्याचं तेल घरचंच असायचं.

सरळ हिशेब

पेंडीचं मला माहीत नव्हतं. घरात भरून ठेवायचं मी म्हटलं ते ज्यांना जमतं त्यांच्यासाठी, हे मान्य. पण पाऊचचं मात्र ताई तुम्हीच बघायला हवं. २०२२ मध्ये ठरावीक वजनाचीच पाकिटं करायचं बंधन काढलं, त्याऐवजी पाकिटावर एका ग्रॅमचा दर छापायची सक्ती आली. एमआरपीच्या जवळच असतो. तो वाचून घेतलं तर कोणी फसवू शकत नाही.

डोंबिवलीची सून

आत्ता खाली जाऊन दोन्ही पाऊच हातात घेऊन आले. एक ८५० ग्रॅमचा १४८ रुपये, दुसरा ९१० ग्रॅमचा १५५. दोन्हीवर ग्रॅमचा दर ०.१७ छापलाय, कारण दोनच आकड्यांपर्यंत छापतात. मोबाईलवर भागाकार केला तर पहिला किलोला १७४ पडतो आणि दुसरा १७०. सात रुपयांनी स्वस्त म्हणून मी पहिला आणत होते.