मदत हवी आहे: एएसएमआर रेकॉर्डिंगसाठी माइक आणि हेडफोन (बजेट १५ हजार, नाशिक)

सुपातली

लहानपणी आजी डोक्याला तेल लावून झालं की फणी घेऊन उवा शोधायला बसायची. उवा असोत नसोत. फणीचे दात टाळूवरून फिरायला लागले की मानेपासून पाठीपर्यंत एक गोड शिरशिरी उतरायची आणि मी बसल्या जागी पेंगायचे. या शिरशिरीला नाव आहे हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. एएसएमआर. जेनिफर ॲलन नावाच्या अमेरिकन बाईंनी २०१० मध्ये ते ठेवलं, ऐकायला शास्त्रीय वाटावं असं.

तेव्हापासून रोज रात्री काही ना काही ऐकत झोपते. कुणी साबणाच्या वड्या कातरतं, कुणी माइकवरून मेकअपचा ब्रश फिरवतं, कुणी कानाशी कोरियन भाषेत कुजबुजतं. छानच असतं, पण मला हवे ते आवाज त्यात नाहीत. सुपात तांदूळ पाखडतानाची ती लय, अडकित्त्यात सुपारी तुटते तो कट्ट, खलबत्त्यात वेलदोडा, वाळलेल्या कांद्याची टरफलं चुरगळताना होते ती कुरकुर. लासलगाव इथून तासाभरावर, टरफलांना तोटा नाही. म्हटलं, आपणच करू.

आतापर्यंतचे पराक्रम असे. आधी ऑनलाइन आठशे रुपयांचा कॉलर माइक मागवून मोबाइलला लावला. सुपाचा आवाज आला, पण त्याच्या मागे सतत 'शूऽऽ', नळ उघडा राहिल्यासारखं. मग गावातल्या एका दुकानदाराने 'मॅडम, हा स्टुडिओचा कंडेन्सर' म्हणून एक चकचकीत माइक गळ्यात मारला. सोबत स्टँड, स्पंजची टोपी, सगळं. वायर थेट लॅपटॉपच्या कानात घालायची. त्यात तर 'शूऽऽ' जास्त आणि सूप कमी. परत घ्यायला तो तयार नाही. सध्या माझा मुलगा त्यावर गाणी म्हणतो.

घर गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला. सूप पाखडणार सासूबाई, वय ७४. माझ्याच्याने तांदूळ अर्धे जमिनीवर जातात. त्यांचं मत, 'आवाज कसला धरून ठेवतेस, गिरणीतून दळण आण.'

तर विचारायचं हे की १५ हजारांत, ऐकायचे हेडफोन धरून, काही शहाणपणाचं जमेल का? ते कानांच्या आकाराचे माइक असतात ते घ्यावेत का? आणि हा 'शूऽऽ' नेमका येतो कुठून, माइकमधून, मोबाइलमधून की माझ्या घरातून?

शंकासूर

१५ हजार रुपये, सुपारी कातरल्याचा आवाज ऐकायला? आमच्याकडे या, आमचे अण्णा दिवसभर फुकट ऐकवतात.

गंमत सोडा. यात खरंच काही आहे की मनाचे खेळ?

खरखरे

शंकासूर, २०१८ मध्ये शेफिल्ड विद्यापीठातल्या लोकांनी तपासून पाहिलंय. ज्यांना ही शिरशिरी जाणवते त्यांच्या हृदयाचे ठोके असे व्हिडिओ बघताना मिनिटाला सरासरी तीनेकने कमी झाले. ज्यांना जाणवत नाही त्यांना त्यात विशेष काही मिळालं नाही. तुम्ही बहुधा दुसऱ्या गटात. अण्णांना विचारून बघा.

आता सुपातली ताईंचं. मी नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे आवाज टिपतो. तुमचा आणि माझा रोग एकच: आवाज बारीक आणि माइक बोलका. प्रत्येक माइकचा स्वतःचा असा एक आवाज असतो, काहीच चालू नसताना येणारा. त्याला सेल्फ नॉइज म्हणतात आणि तो डेसिबलमध्ये मोजतात. स्वस्त कॉलर माइक २० किंवा त्याच्या वर असतात. ऑस्ट्रेलियाच्या 'रोड' कंपनीचा (रस्ता नव्हे) एनटी१-ए फक्त ५. भाषण, मुलाखत असेल तर हा फरक कुणाला कळणारही नाही, कारण माणूस मोठ्याने बोलतो. तुम्ही मात्र कुजबुजीपेक्षा बारीक आवाज घेऊन तो चढवणार. तो चढवला की माइकचा 'शूऽऽ'ही तितकाच चढतो. त्यामुळे माइक घेताना बाकीचं सगळं सोडा, डब्यावर सेल्फ नॉइजचा आकडा शोधा. जिथे तो छापलेलाच नाही तिथे समजून घ्या.

दुकानदाराने दिलेल्या माइकचं कोडंही सोपं आहे. कंडेन्सरला साधारणपणे ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो आणि तो ऑडिओ इंटरफेस नावाच्या डबीतून मिळतो. लॅपटॉपच्या भोकातून जेमतेम काही व्होल्ट मिळतात. तसल्या सोप्या वायरीचे माइक त्यावर कसेबसे जागे होतात, आवाज क्षीण येतो, आपण तो वाढवतो आणि खरखर घरभर.

मोबाइलबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. त्याच्या माइकच्या भोकात एकच वाहिनी असते. दोन माइक लावलेत तरी आवाज मोनोच, डावं-उजवं वेगळं नाही. शिवाय बहुतेक फोन बोलणं स्पष्ट यावं म्हणून मागचा बारीक आवाज आपणहून दाबतात. तुमचं सूप फोनच्या दृष्टीने कचरा आहे.

कानवाले माइक आता राहू द्या. त्यातला महामेरू म्हणजे न्यूमनचा केयू १००, माणसाचं अख्खं डोकं, कानांसकट. किंमत कित्येक लाख. थ्रीडियोचे रबरी कानवाले त्याहून पुष्कळ स्वस्त, पण तुमच्या १५ हजारांत नाहीत. तत्त्व मात्र फुकट आहे. आवाज एका कानाशी आधी पोचतो, दुसऱ्याशी एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळाने, आणि मध्ये डोकं असल्याने दुसऱ्या कानाला तो थोडा मऊ ऐकू येतो. मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. म्हणजे दोन सारखे माइक साधारण १७-१८ सेंटिमीटरवर आणि मध्ये डोक्याएवढं काहीतरी घट्ट. कानाच्या पाकळीचा आकार नसल्याने मागचं-पुढचं, वरचं-खालचं नीट कळणार नाही, पण डावं-उजवं झकास येतं.

त्यासाठी प्रायमो या जपानी कंपनीच्या ईएम२७२ कॅप्सूल (माइकच्या आतला, आवाज टिपणारा भाग) घातलेली माइकची जोडी शोधा. सेल्फ नॉइज १४. पाचइतका नाही, पण त्या जवळ ठेवता येतात, आणि अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. फुकटातला सर्वात मोठा फायदा हाच. सोबत प्लग-इन पॉवर, म्हणजे माइकला त्याच्या वायरीतूनच लागणारी थोडी वीज, देणारा छोटा रेकॉर्डर हवा, झूम एच१ इसेन्शियलसारखा. त्यात ३२ बिट फ्लोट आहे, म्हणजे अडकित्त्याचा कट्ट एकदम मोठा आला तरी आवाज फाटत नाही, पातळी नंतर ठरवता येते. पण ३२ बिटने खरखर जाते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. माइक बोलका असेल तर तो ३२ बिटांतही बोलतो.

देवळालीकर

खरखरे साहेबांनी माइकचं सांगितलं, मी घराचं सांगतो. अर्धा 'शूऽऽ' घरातलाच असतो. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर, ट्यूबलाइटचा चोक. एकदा सगळं बंद करून पाच मिनिटं नुसतं बसा, मग कळेल आपण किती गोंगाटात राहतो. फ्रिज बंद कराल तेव्हा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. नाहीतर फ्रिज सुरू करायचं विसराल आणि दुसऱ्या दिवशी दूध नासेल. (अनुभव.)

आपल्याकडे हंगाम मात्र सोन्यासारखा आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडपासून गंगापूर रोडपर्यंत रात्री कुणाच्या घरी पंखा नसतो. उन्हाळ्यात हा उद्योग करूच नका, घामाचा थेंब टपकल्याचाही आवाज येईल. वेळ रात्री दीड ते चार. चारनंतर सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू होतात. दिवसा तर विचारू नका, ओझरची विमानं आहेत, आमच्या बाजूला तोफखान्याचा सराव, आणि आता २०२७ च्या सिंहस्थासाठी जिकडे तिकडे खोदाई.

भिंतींना गोधड्या टांगल्या की बाहेरचा आवाज थांबेल असं समजू नका. गोधडीने खोलीतला घुमारा मरतो, रस्त्यावरचा ट्रक नाही. ट्रकासाठी खिडकीच्या फटी बुजवा आणि राहिलेली घरघर नंतर ८० हर्ट्झच्या खालचं कापून काढा. सुपाच्या आवाजात तितकं खालचं काही नसतंच.

येवलेकर

ऐकायच्या बाजूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. यात दोन वेगळ्या गरजा आहेत आणि लोक एकाच हेडफोनात दोन्ही बसवायला जातात. रेकॉर्डिंग करताना बंद कपाचा, वायरवाला हवा. उघड्या कपाचा घेतला तर त्यातून गळणारा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, ब्लूटूथ घेतला तर आवाज उशिरा पोचतो आणि हात आणि कान यांचा मेळ बसत नाही. ऑडिओ टेक्निकाचा एम२०एक्स या कामाला पुरे.

झोपताना मात्र तो डोक्यावर राहणार नाही. कुशीवर झोपत असाल तर कपाचा हेडफोन म्हणजे शिक्षा. साधे वायरवाले इअरफोन, किंवा कापडी पट्टीत चपटे स्पीकर शिवलेले मिळतात ते. ती पट्टी ऐकायला सामान्य, पण सकाळी कान दुखत नाही. स्पीकरवर ऐकायचं तर डाव्या-उजव्याची मजा विसरा, कारण दोन्ही कानांना दोन्ही बाजू ऐकू येतात. आणि आवाज बारीक आहे म्हणून व्हॉल्यूम चढवत जाऊ नका. मध्येच यूट्यूबची जाहिरात आली की काळीज हातात येतं.

एक विनंती. कधी येवल्याला आलात तर पैठणीच्या मागाचा आवाज घ्या. धोट्याचा नाही, तो मोठा असतो. विणकर जर गुंडाळलेल्या छोट्या काड्या सरकवत बुट्टी भरतो ना, तो.

सुपातली

सर्वांचे आभार. शंकासूर, अण्णांना नमस्कार सांगा, अडकित्त्यासाठी येऊन जाईन.

खरखरे, घरीच आवरून एक चाचणी केली. फ्रिज, पंखा, सगळं बंद करून जुना कॉलर माइक तसाच सुरू ठेवला, 'शूऽऽ' थोडाच कमी झाला. म्हणजे दोष मुख्यतः माइकचाच, बरोबर ना? आणि ऑडेसिटीत (आवाज कापायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर) नॉइज रिडक्शन मारून जुनी रेकॉर्डिंग वाचतील का?

खरखरे

बरोबर. नॉइज रिडक्शन जरूर वापरा, पण मिठासारखं. सुरुवातीला पाचेक सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, तोच नमुना त्याला द्या आणि ६-८ डेसिबलवर थांबा. जास्त केलंत तर तांदूळ पाण्याखाली पाखडल्यासारखा वाटेल. जुनी रेकॉर्डिंग वाचणार नाहीत. सूप आणि 'शूऽऽ' एकाच पट्टीत पसरलेले आहेत, एक काढताना दुसरं सोलवटतं.

सुपातली

तीन आठवड्यांनी आले. रेकॉर्डर, माइकची जोडी आणि येवलेकरांनी सांगितलेला हेडफोन, मिळून बजेट जरा ओलांडलं. किती ते नवरा हा धागा वाचतो म्हणून लिहीत नाही.

डोक्याएवढं घट्ट काय घ्यावं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. हेल्मेट आतून पोकळ, माठ घुमतो. शेवटी कोबीचा मोठा गड्डा घेतला, दोन बाजूंना माइक टाचले, खाली दुमडलेली सतरंजी. हसू नका, डावं-उजवं इतकं स्पष्ट आलं की हेडफोन लावून ऐकताना मी मान वळवली. दुसऱ्या दिवशी त्याची भाजी केली.

रात्री दोन वाजता सासूबाई शाल घेऊन बसल्या. 'बोलायचं नाही' असं पाच वेळा बजावलं होतं. पहिली दहा मिनिटं नुसतं सूप. खरंच नुसतं सूप, मागे काही नाही, दाणे पुढे जाऊन मागे येतात ते मोजता यावेत इतकं. मग त्या थांबल्या, काहीतरी चिमटीत धरलं आणि स्वतःशीच हळूच म्हणाल्या, 'हा बघ, खडा.' पुन्हा सूप. थोड्या वेळाने, 'अजून एक.' मी तेवढं कापून टाकायला बसले होते. तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा मानेवर काटा आला, अगदी फणीसारखा. ते ठेवलंय.

एक अडचण आहे. सूप जवळ घेतलं होतं, कोंडा उडाला आणि उजव्या माइकच्या जाळीत बसला. आता उजवीकडे अधूनमधून कुसकुस येते. फुंकर मारून काढू का?

खरखरे

नाही! फुंकर अजिबात नको, वाफ आत जाते आणि नाजूक पडद्यावर जोरात हवा बसते. माइकचं तोंड खाली करा आणि मऊ कोरड्या ब्रशने जाळीवरून हलकेच झटका. पुढच्या वेळी दोन्हींवर स्पंजच्या टोप्या घाला, त्या दुकानदाराने दिलेली एक तर आहेच. आणि सूप कोबीपासून हातभर लांब.

शंकासूर

आणि झटकताना रेकॉर्डर चालू ठेवा. मी ऐकेन.